झाकण मंडळ

४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. ते रागातही द्यायचे असतात, म्हणून आधी उरकून घेतो.

एका फुकटच्या वस्तूपायी माझं आतापर्यंत काय काय गेलं ते सांगतो. रविवारची दुपारची झोप गेली. मागच्या खोलीतलं लांब टेबल गेलं. त्यावर आता लोकांचे कॉम्प्युटर पोटं उघडून पडलेले असतात. तुझ्या वहिनीचा साखरेचा डबा आठवड्याच्या आत तळ दाखवतो, आणि ती माझ्याशी सरळ बोलेनाशी झाली आहे, नुसती ओरडते. समोरच्या इस्त्रीवाल्याशी इतक्या वर्षांचं उठणं-बसणं होतं, तेही गेलं. ते कसं, ते पुढे कधीतरी लिहीन. आणि एवढं सगळं घालवल्यावर मास्तर मला समजावतात, "दादा, याला फुकट म्हणायचं नाही. मुक्त म्हणायचं." म्हटलं, मास्तर, फुकट म्हणायला माझी जीभ तरी वळेल का?

मी या वयात मंडळ काढलं हे ताईने तुला सांगितलंच असेल. तिने काय सांगितलं कुणास ठाऊक, म्हणून माझ्या तोंडून ऐक.

ताईच्या भरतकामाच्या मशीनने मान टाकली. म्हणजे मशीन धडधाकट आहे, सुया जागच्या जागी आहेत. पण त्याला डिझाइन भरवणारं जे सॉफ्टवेअर तिच्या कॉम्प्युटरवर आहे, त्याने एका सकाळी पाटी लावली: ही आवृत्ती बंद, नवी घ्या. नवी घ्यावी तर ती जुन्या मशीनशी बोलत नाही, म्हणजे मशीनही नवं घ्या. शाळेचा बिल्ला, बँडवाल्यांचं चिन्ह, ताईने डोळे फोडून टाक्याटाक्याने बेतलेली सगळी डिझाइनं आत अडकली. माल तिचा, कपाट तिचं आणि किल्ली कंपनीकडे. ते मशीन तू विकलंस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. तू त्या कंपनीची एजन्सी घेऊन आपलं दुकान सोडून गेलास, त्याबद्दलही नाही. त्या दिवशी बोलायचं ते बोलून झालं आहे आणि अर्ध्या बाजाराने ऐकलंही आहे.

तर मास्तर. गणिताचे, निवृत्त. बायकोचं शिलाई मशीन घेऊन दुकानात आले होते. मी आपल्या सवयीने झाकण काढून दाखवत होतो, बघा, पट्टा सैल पडलाय, पुढच्या वेळी घरीच आवळा. ते म्हणाले, "सॉफ्टवेअरही असंच मिळतं. झाकण उघडं. कुणीही आत पाहावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं."

"आणि मालक काही म्हणत नाही?"

"मालकानेच तसं लिहून दिलेलं असतं."

मी तोंडात धरलेला स्क्रू काढून खाली ठेवला. माझ्याच धंद्याची गोष्ट मला इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितली नव्हती. तुला आठवतं ना, जिन्याखालच्या कोनाड्यात एक स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची बुधली घेऊन मी बसलो होतो, तू शाळा सुटली की तिथेच येऊन गृहपाठ करायचास? तेव्हापासून मी एकच गोष्ट जाणतो. ज्याचं झाकण उघडत नाही ते यंत्र आपलं नव्हे, आपण त्याचे. म्हणून पुढच्याच रविवारी फळ्यावर लिहिलं: कॉम्प्युटर आणा, कुलपं काढून देऊ. आणि छातीवर हात ठेवून तुला सांगतो, आजच्या घडीला माझ्या दुकानात, घरात, अंगावर एकही वस्तू नाही जिचं झाकण मला उघडता येत नाही. तुला असं म्हणता येईल का?

कान तर आहेच. परवाच एक जण दारात मशीन टेकवून चाक फिरवत होता, मी आतूनच सांगितलं, खालच्या दोऱ्याचं शटल घासतंय. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तू ताईच्या फोनवर फोन केलास आणि मला द्यायला सांगितलंस म्हणे. मी घेतला नाही, त्याचा राग धरू नकोस. हल्ली फोनवर माणसं पुटपुटतात. कागदाचं बरं असतं, तो पुटपुटत नाही.

दादा


१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. बरं झालं, उत्तर आलं असतं तर मला सभ्य व्हावं लागलं असतं.

मंडळ जोरात आहे. नाव ठरवण्यात दोन रविवार गेले. मास्तरांनी सुचवलं, मुक्त संगणकप्रणाली प्रचार व प्रसार स्वयंसेवक मंडळ. छापखानेवाली म्हणाली, "मास्तर, एवढं नाव छापायचं तर पाटी रस्ता ओलांडून इस्त्रीवाल्याच्या दारापर्यंत जाईल." (ही बाई स्वतः छापखाना चालवते. तिचंही पानं जुळवायचं सॉफ्टवेअर असंच एका सकाळी रुसलं होतं, म्हणून आमच्यात आली.) शेवटी नाव ठरलंच नाही, आणि बाजाराने आपणहून ठेवलं: झाकण मंडळ. पोरंसोरं चिडवतात, "काय दादा, आज कुणाचं झाकण उडवलं?" मी म्हणतो, तुझं आण, तुझंही उडवतो, आत काही असलं तर.

आता इस्त्रीवाल्याचं. त्याचा कॉम्प्युटर आम्ही हौसेने नवा करून दिला. जुनं सगळं पुसलं, मुक्त ते चढवलं, पहिल्यापेक्षा दुप्पट वेगाने पळायला लागला. पण जुन्यात एक पत्त्यांचा खेळ होता, तो गेला. तसाच दुसरा घालून दिला. तो म्हणाला, "माझ्या खेळात कापड हिरवं होतं, हे निळं आहे." मी म्हटलं, बाबा रे, झाकण उघडं आहे, हवं तर हिरवं करून देऊ. तो म्हणाला, "मला झाकण नको, माझा खेळ द्या." तेव्हापासून तोंड फिरवतो. हिरवं कापड करून द्यायचं काम अजून पडूनच आहे, कारण ते दुसरा कुणीतरी करेल असं आम्हा प्रत्येकाला वाटतं.

खरी बातमी पुढे आहे. आमच्यात पाणीपुरवठा कार्यालयातली एक कारकून मुलगी येते. प्रोग्राम लिहिणं हा तिचा छंद. तिचं प्रत्येक वाक्य "पण समजा" असं सुरू होतं, म्हणून तिला आम्ही पणसमजा म्हणतो, आणि तीही आता त्या हाकेला ओ देते. तिने कुठल्या दूर देशातल्या माणसांनी लिहून मोकळा सोडलेला एक प्रोग्राम शोधला, त्यात आपल्या हाताने भर घातली, आणि ताईची डिझाइनं उघडली. एकूण एक. शाळेचा बिल्ला पडद्यावर आला तेव्हा ताईने पदराने पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

मग ताईने आमच्या भरवशावर मोठी ऑर्डर घेतली. मोठ्या दवाखान्यातल्या सगळ्या माणसांच्या नव्या गणवेशावर चिन्ह भरायचं आहे. ही ऑर्डर वेळेत गेली तर तिचं काम आणि तिच्याकडच्या दोघी बायकांचं काम टिकतं. नाही गेली तर ती मशीन विकून दुसऱ्याच्या कारखान्यात बसणार आहे. हे तिने मला भांडी लावता लावता सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

काल पहिलं चिन्ह भरून पाहिलं. अख्खं मंडळ ताईच्या कामाच्या खोलीत जमलं होतं. पणसमजा म्हणाली, "पण समजा, दादा, नव्या प्रोग्रामने टाके फार दाट पाडले तर?" मी म्हटलं, मुली, दाट पडले तर मशीन बोलेल, आणि मशीन बोललं तर मला कळेल. पूर्ण चिन्ह होईपर्यंत मी शेजारी उभा राहिलो, मग मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या कंपनीला कळव, एक कुलूप गेलं. आणि हे मी तुझ्या मदतीवाचून केलं, हेही लक्षात असू दे.

दादा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

थोडक्यात लिहितो. मशीन बंद पडलं. सुई मोडली, ती एकदा नाही, पुन्हा पुन्हा मोडली, आणि शेवटी सुईखाली दोरा पकडणाऱ्या हूकचा चांगलाच टवका उडाला. दवाखान्याचं काम अर्ध्यात आहे.

त्या दिवशी खोलीत पंखा होता. बाहेर रस्ता उकरत होते. माणसं टाळ्या वाजवत होती. अशात कुणाला काय ऐकू येणार?

मंडळाची बैठक घेतली. मी विचारलं, नवा प्रोग्राम कुणी तपासला होता? छापखानेवाली म्हणाली, मला वाटलं मास्तरांनी. मास्तर म्हणाले, मला वाटलं हिने. पणसमजा म्हणाली, "मी सगळ्यांसमोर ठेवला होता ना, उघडा. म्हटलं, इतकी माणसं आहेत, कुणीतरी आत पाहिलंच असेल." बघ कशी गंमत आहे. कुलूप असतं तेव्हा माणूस निदान फटीतून डोकावतो. झाकण सताड उघडं असलं की प्रत्येक जण दुसऱ्याने पाहिलं असेल म्हणून पुढे जातो. दर रविवारी आम्ही लोकांना सांगत होतो की कुणीही आत पाहू शकतं. आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं.

मग मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "दादा, खरं सांगू का, मला बारीक टिकटिक ऐकू येत होती. सुई कशाला तरी लागत असल्यासारखी."

"मला पण," छापखानेवाली म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शेजारी उभे होतात ना. म्हटलं, दादांचा कान आहे. दादा काही बोलत नाहीत, म्हणजे चालायचंच असेल ते."

यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

ताई बोलली ते लिहितो. "दादा, कुलूप काढायला बोलावलं होतं, चौकट उखडायला नाही." एवढंच. नंतर चहा करून दिला.

हूक मी बदलला असता, पण हे मशीन माझं नव्हे. त्याच्या आतली मापं मला ठाऊक नाहीत. तुला आहेत. कंपनीचा माणूस म्हणून येऊ नकोस, तसा आलास तर परक्या प्रोग्रामने मशीन बिघडलं असं तुला कंपनीला लिहून द्यावं लागतं, ते मी ऐकून आहे. माझ्यासाठीही येऊ नकोस. ताईसाठी ये.

दादा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी एक ओळ मिळाली. "मशीनला कुणी हात लावू नका, गुरुवारी येतो." अक्षर अजून गृहपाठासारखंच आहे, ओळ सोडून वर चढणारं.

कुणी हात लावलेला नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो, म्हणजे लावावासा वाटला तरी लावता येत नाही. मलाच.

वहिनी विचारते, तू जेवायला कुठे थांबशील. मी म्हटलं, मला काय माहीत. ती ओरडली, "मग विचारा ना!" म्हणून विचारतो.

दादा


८ मार्च

धाकट्या,

दवाखान्याचं काम पुरं झालं. शेवटचा गठ्ठा ठरल्या दिवसानंतर पोचला, पण तिथल्या बाईंनी काही खळखळ केली नाही. उलट पुढच्या चादरींचं काम विचारलं. ताईकडच्या दोघी जागेवर आहेत. त्यातली थोरली म्हणते, आता मशीन लोण्यासारखं चालतं. म्हणजे चालत असावं.

तू गेल्यापासून मंडळात तुझाच विषय आहे. पणसमजा तर तुझ्या नावाची माळ जपते. "तुमच्या भावांनी एका वाक्यात सांगितलं हो! टाका फार आखूड झाला की सुई त्याच त्या भोकात बसते, वाकते आणि हूकला लागते. आखूड टाके गाळा." तिने प्रोग्रामात तसं करून टाकलं. मास्तरांनी या खेपेला स्वतः ओळ न् ओळ वाचली, नंतर छापखानेवालीने वाचली, मग दोघं एका ओळीवरून भांडले, आणि मग ते दूर देशातल्या त्या माणसांकडे पाठवलं. त्यांनी ते घेतलं. आता जगात कुठेही असं मशीन असलेली बाई तो प्रोग्राम उतरवून घेईल तेव्हा तिचे आखूड टाके आपोआप गळतील. ज्याने दुरुस्ती सुचवली त्याचं नाव आत लिहायची त्यांच्यात पद्धत आहे. तू बजावलं होतंस की नाव नको, एजन्सी जाईल. म्हणून पणसमजाने नुसतं "धाकटा" लिहिलं. कोण धाकटा, कुणाचा धाकटा, ते कुणाला कळायचं नाही. आपल्या घरात मात्र सगळ्यांना कळलं. ताईने तेवढं पान छापून भिंतीला लावलं आहे. तू आलास की काढून ठेवीन म्हणते, पण काढणार नाही.

इस्त्रीवाल्याचं कापडही हिरवं झालं. कुणीतरी करेल म्हणून वाट पाहायचं आम्ही सोडलं. आता प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव असतं. या कामापुढे माझं होतं. मी पणसमजाला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने केलं. रंग जरा पोपटी आला आहे. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हं." उद्यापासून बोलेल बहुतेक.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

त्या गुरुवारी तू सगळ्यांना चहाला बाहेर घालवलंस आणि मला एकट्याला मशीनपाशी थांबवलंस. चालू केलंस. थोड्या वेळाने मला विचारलंस, "दादा, आता थांबली का टिकटिक?" मी म्हटलं, थांबली. अगदी ठासून म्हटलं.

तुझी हत्यारांची पेटी तेव्हा बंद होती, धाकट्या. कड्या लावलेल्या होत्या. तू अजून काही केलंच नव्हतंस. आणि ते मला दिसत होतं. कान गेले तरी डोळे आहेत. तरीही म्हटलं, थांबली.

तू हसला नाहीस. "तरी म्हटलंच होतं" असंही म्हणाला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर म्हटलं असतं, आणि चारचौघांत म्हटलं असतं. तुला तो अनुभव आहे. तू माझा हात धरलास आणि सुईच्या वर, लोखंडावर ठेवलास. तेव्हा लागलं. बोटांना लागलं, बारीक, मुंगी चावावी तसं, पुन्हा पुन्हा. मग तू पेटी उघडलीस, हूक बदललास, आणि माझा हात पुन्हा तिथेच ठेवलास. मुंगी गेली होती. तेवढ्यात ही सगळी मंडळी चहा पिऊन परत आली आणि तू त्यांना म्हणालास, "दादांनी हात लावून पाहिलं, आता बरोबर आहे." कुणालाही काही कळलं नाही. मास्तर अजून सांगतात, दादांच्या हाताला डोळे आहेत.

यावर मी जास्त लिहीत नाही. तू जास्त बोलला नाहीस, मीही लिहीत नाही.

वहिनीबरोबर कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी एका पेटीसारख्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. त्यांचं म्हणणं, ऐकवल्या. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, आणि आज नव्हे, बऱ्याच दिवसांचे गेलेत. म्हणजे शटल घासल्याचं मला कळतं आणि सुई टोचल्याचं कळत नाही. माणसंही पुटपुटत नव्हती म्हणे. घरी येताना वहिनी रस्ताभर हळू आवाजात बोलत होती, मुद्दाम. मी म्हटलं, काय म्हणतेस? ती ओरडली, "काही नाही!" मग दोघंही हसलो.

त्या दिवशी तू जेवायला थांबला नाहीस, गाडीची वेळ झाली म्हणालास. वहिनीने तुझं ताट वाढून ठेवलं होतं ते तुला माहीत नसेल, म्हणून कळवतो. पुढच्या खेपेला उशिराच्या गाडीने जा. येतोस तर रविवारी ये. मंडळ असतं, टेबलाशी जागा करू. कंपनीचा माणूस म्हणून नको. धाकटा म्हणून ये, ते नाव आता जगजाहीर आहे. आणि त्याआधी फोन कर. वाजला की मी घेईन.

घेईन, कारण उजव्या कानात यंत्र बसवलं आहे. शेंगदाण्याएवढं आहे. पहिल्या दिवशी दुकानात बसलो तर खिळ्याला टांगलेली कात्री वाऱ्याने भिंतीला लागत होती, ती ऐकू आली. किती वर्षं ती तशी लागत असेल कुणास ठाऊक. यंत्र उत्तम आहे, तक्रार नाही. फक्त त्याला झाकण नाही, आणि आवाज कमी-जास्त करायचा झाला तर कंपनीच्या माणसाकडेच जावं लागतं.

दादा